एसजीपीटी ४७, आणि कागदावर लिहिलंय 'नॉर्मल'

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी १० वर्षांची, उंची १३८ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. शाळेच्या आरोग्य तपासणीनंतर रक्त तपासलं, त्यात एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम, लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं) ४७ आलं. लॅबच्या कागदावर शेजारी '४९ पर्यंत नॉर्मल' असं छापलंय. फॅमिली डॉक्टर म्हणतात वाढीचं वय आहे, उंची वाढली की वजन उतरेल. ओळखीतल्या कुणी सुचवलं की सरळ सोनोग्राफी करा, म्हणजे फॅटी लिव्हर आहे की नाही ते कळेल. धाकटा भाऊ ६ वर्षांचा, तोही अंगाने भरलेला. आता काय करायचं?

आधी त्या ४९ बद्दल, कारण सगळा घोळ तिथे आहे. लॅबची मर्यादा बहुतेक वेळा मोठ्या माणसांच्या आकड्यांवरून ठरलेली असते. ज्यांना 'निरोगी' धरून ती ठरवली, त्यांतल्या कित्येकांना स्वतःलाच फॅटी लिव्हर असतं, फक्त कुणी तपासलेलं नसतं. अमेरिकेत २०१० मध्ये हा मुद्दा नीट तपासला गेला. तिथल्या मुलांच्या रुग्णालयांमध्ये एसजीपीटीची वरची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी निघाली, मधला आकडा ५३. मग लठ्ठ नसलेली, लिव्हरचा कुठलाही आजार नसलेली मुलं वेगळी काढून पाहिली, तर १०० पैकी ९५ मुलगे २६ च्या आत आणि १०० पैकी ९५ मुली २२ च्या आत होत्या. उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच आकडे घेतले: मुलींना २२, मुलग्यांना २६. कागदावर ठळक अक्षरात काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं मुलांच्या एसजीपीटीबाबत धरता येत नाही. तुमच्या मुलीचं ४७ हे मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहे.

दुप्पट म्हणजे ४४ आणि ५२, हे दोन आकडे डोक्यात ठेवा. मुलीचं एसजीपीटी ४४ किंवा वर, मुलग्याचं ५२ किंवा वर, आणि ते तीन महिन्यांनंतरही तसंच राहिलं, तर पुढची सविस्तर तपासणी करायची. ८० च्या वर गेलं तर तीन महिने वाट बघत बसायचं नाही, काही आठवड्यांतच तपासणी सुरू करायची. त्यामुळे ४७ ला घाबरून जाण्याची गरज नाही, पण 'उतरेल आपोआप' म्हणून कागद कपाटात टाकायचाही नाही.

तिला ही तपासणी लागूच होती का? होती. ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान प्रत्येक लठ्ठ मुलाची एसजीपीटी एकदा पाहायची असते. जास्त वजनाच्या, पण लठ्ठ नसलेल्या मुलांची तेव्हा पाहायची, जेव्हा सोबत आणखी काही असेल: पोटाचा वाढलेला घेर, मधुमेह किंवा त्याची पूर्वपायरी, कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड बिघडलेलं, झोपेत श्वास अडकणं, घरात कुणाला फॅटी लिव्हर. लठ्ठपणा फार तीव्र असेल, घरात हा आजार असेल किंवा पिट्युटरी ग्रंथीचा विकार असेल तर ९ वर्षांच्या आधीही.

लठ्ठ कुणाला म्हणायचं, हे नजरेने ठरवू नका. आपल्याकडे 'खात्यापित्या घरचं पोर' या नावाखाली बरंच काही झाकलं जातं. वजन किलोमध्ये, भागिले उंची मीटरमध्ये गुणिले उंची मीटरमध्ये. ४६ भागिले १.३८, पुन्हा भागिले १.३८, म्हणजे २४.२. हा आकडा मोठ्या माणसाच्या तक्त्यावर लावायचा नाही. ५ ते १८ वयासाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते आहेत. त्यांत २३ आणि २७ असे आकडे लिहिलेल्या दोन रेषा आहेत, आणि इथे हमखास चूक होते. मुलीचा बीएमआय २३ च्या वर की खाली, असं पाहायचं नसतं. या रेषेवर चालत गेलेलं मूल १८ व्या वर्षी बीएमआय २३ वर (किंवा २७ वर) पोहोचेल, एवढाच त्याचा अर्थ. दहाव्या वर्षी ती २७ ची रेषा २४ च्या खालीच असते. तुमची मुलगी लठ्ठपणाच्या रेषेच्या वर आहे.

मोठ्या माणसांसाठी बाहेरच्या देशांत २५ आणि ३० चालतं, मग आपल्या या तक्त्यांत २३ आणि २७ का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. दोघांचा तो शेजारी शेजारी उभा फोटो २००४ मध्ये छापून आला आणि वैद्यकात प्रसिद्ध आहे. हातपाय बारीक, पोटात चरबी, हा आपला बांधा आहे. म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजायची. मूल सरळ उभं, शर्ट वर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध टेप, श्वास सहज सोडल्यावर वाचन. कपड्याच्या नाडीवरून किंवा बेंबीवरून टेप गुंडाळली तर आकडा चुकतो. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असू नये; १३८ सेंटिमीटरला ६९.

त्याच वेळी मान पाहा. मागच्या बाजूला काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा असेल तर तो मळ नाही. आया तो घासून घासून मुलांची कातडी सोलून काढतात. तो इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण आहे, काखेतही दिसते. आणि उंचीकडे बघा. साध्या लठ्ठपणात मूल वयाच्या मानाने उंच असतं. लठ्ठ आणि बुटकं असं दोन्ही असेल, तर थायरॉइड, कॉर्टिसोल, पिट्युटरी याकडे आधी जायचं, लिव्हर मागून.

आता पुन्हा करायची रक्ततपासणी. नुसत्या एसजीपीटीला उपाशी राहावं लागत नाही, पण त्याच सुईत उपाशीपोटीची साखर आणि लिपिड प्रोफाइल होतं, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता सकाळी रक्त द्यावं. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) त्यातच सांगावं, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी. आकडा उगाच वर नेणाऱ्या गोष्टी टाळा. ताप येऊन गेला असेल तर किमान दोन-तीन आठवडे थांबा. पावसाळ्यात डेंग्यू तर एसजीपीटी शेकड्यांत नेतो. आदल्या दिवशी क्रीडास्पर्धा किंवा गडावर चढाई झाली असेल तर स्नायूंतूनही हे एन्झाइम रक्तात येतं. रक्त काढताना पेशी फुटल्या, कागदावर 'हिमोलाइज्ड' असा शेरा आला, तर तो नमुना बाद समजा. दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा. तपासण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, आणि लॅब बदलली की ४७ चे ३८ होऊन 'सुधारणा' दिसते, जी प्रत्यक्षात झालेलीच नसते.

सोनोग्राफीचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण चाळणी म्हणून ती कामाची नाही. रेडिऑलॉजिस्ट लिव्हर उजव्या मूत्रपिंडाच्या मानाने किती उजळ दिसतं ते पाहतो. साधारण २० ते ३० टक्के चरबी साठेपर्यंत हा फरक डोळ्याला धड दिसत नाही. शिवाय पोटाची भिंत जाड असेल तर चित्र धूसर. त्यामुळे नॉर्मल सोनोग्राफीने फॅटी लिव्हर नाही असं सिद्ध होत नाही, आणि 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' या शेऱ्याने सूज आहे की नाही, जखम होऊन व्रण धरलाय की नाही, यातलं काहीच कळत नाही. दोन रेडिऑलॉजिस्ट एकाच मुलाला वेगळे ग्रेड देतात. 'नॉर्मल' सोनोग्राफी हातात आली की घरातले निवांत होतात आणि पुन्हा शीतपेयाची बाटली उघडते, हा खरा तोटा. सोनोग्राफी करायची ती नंतर, एसजीपीटी वर राहिलं तर: पित्ताशयात खडे आहेत का, प्लीहा वाढली आहे का, लिव्हरची रचना नीट आहे का हे पाहायला. सीटी स्कॅन तर यासाठी मुळीच नको, उगाच किरणोत्सर्ग. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) काही शहरांत मिळतो. किमान तीन तास उपाशीपोटी, मुलाच्या छातीच्या घेराला साजेसा प्रोब हवा, आणि त्या आकड्याचा अर्थ मुलं पाहणाऱ्या तज्ज्ञानेच लावावा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. एसजीपीटी २२ च्या आत आलं म्हणजे लिव्हरमध्ये चरबी नाहीच, असंही नाही. काही मुलांत ते नॉर्मल असूनही आजार असतो. म्हणून आकडा चांगला आला तरी वजन तसंच असेल तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं. मधल्या काळात वजन वाढलं किंवा साखर बिघडली तर त्याआधी.

तीन महिन्यांनी ४४ च्या खाली पण २२ च्या वर आलं, तर दिशा बरोबर आहे, जे चालू आहे ते चालू ठेवून आणखी तीन ते सहा महिन्यांनी पाहायचं. ४४ किंवा वर राहिलं, तर मग मात्र 'लठ्ठ आहे, म्हणजे चरबीच असणार' असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. लठ्ठ मुलाला लिव्हरचे बाकीचे आजारही होतात, आणि नेमकं लठ्ठपणामुळे ते सुटून जातात.

यात सगळ्यात जपायचं ते विल्सनच्या आजाराला. शरीरात तांबं साठतं, लिव्हर हळूहळू जातं, पुढे मेंदूवर परिणाम. वेळेत सापडला तर गोळ्यांवर मूल आयुष्यभर ठणठणीत राहतं. उशीर झाला तर प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. सोनोग्राफीत विल्सनचं लिव्हरही चरबीचंच दिसतं. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्नं होणाऱ्या घरांत याची शक्यता वाढते, तेव्हा हा प्रश्न संकोच न करता विचारायचा. तपासणी म्हणजे रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, तांबं वाहून नेणारं प्रथिन. २० च्या खाली असेल तर संशय, १० च्या खाली असेल तर दाट संशय. पण शरीरात कुठेही सूज असली की सेरुलोप्लाझ्मिन वर जातं आणि खोटा दिलासा मिळतो. म्हणून संशय असेल तर २४ तासांच्या लघवीतलं तांबं मोजायचं, आणि ते गोळा करताना नव्वद टक्के चुका घरी होतात म्हटलं तरी चालेल. लॅबकडूनच तांबं नसलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या. रविवार बरा, शाळा नसते. सकाळी ७ ची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची प्रत्येक लघवी त्याच डब्यात. सोमवारी सकाळी ७ ची शेवटची, तीही डब्यात. एक जरी बाथरूममध्ये गेली तर आकडा खोटा, सगळं पुन्हा. २४ तासांत ४० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर मुलांमध्ये संशय पक्का धरून पुढे जायचं. डोळ्याच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पवर बुबुळाच्या कडेला साठलेल्या तांब्याचं कडं पाहून घ्यायचं. पण फक्त लिव्हरचा त्रास असलेल्या मुलांत ते बऱ्याचदा नसतं, म्हणून कडं नाही म्हणजे विल्सन नाही असं होत नाही.

बाकीची यादी लवकर सांगतो: हिपॅटायटिस बी आणि सी, ऑटोइम्यून हिपॅटायटिससाठी आयजीजी आणि अँटिबॉडी (त्या फॅटी लिव्हरमध्येही थोड्याशा पॉझिटिव्ह येतात, एवढ्यावरून स्टेरॉइड सुरू करायचं नाही), टीएसएच, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजारासाठी टीटीजी आयजीए, सोबत एकूण आयजीए. जोडीला सीबीसी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, जीजीटी, आयएनआर. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आणि प्लीहा हाताला लागते, असं दोन्ही असेल तर लिव्हरमध्ये व्रण बराच पुढे गेल्याची शंका घ्यायची आणि त्याच आठवड्यात बालयकृततज्ज्ञ गाठायचा.

औषधांचं विचारलं की घरचे 'काही नाही' म्हणतात. फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, दीर्घकाळचं स्टेरॉइड, टीबीच्या गोळ्या हे नाव घेऊन विचारावं लागतं. यातलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना कळवा. आणि काढे. ते औषध आहे असं कुणाला वाटतच नाही. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली जात होती. गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे लिव्हरला ठाऊक नसतं.

बायोप्सी बहुतेक मुलांना लागत नाही. एसजीपीटी सतत ८० च्या वर, प्लीहा वाढलेली, एसजीओटी (एसजीपीटीच्या जोडीचं एन्झाइम) हे एसजीपीटीपेक्षा जास्त, मधुमेह सोबत, किंवा निदानच धूसर, अशा वेळी तज्ज्ञ ती सुचवतात.

कागदावर 'एमएएसएलडी' असं दिसलं तर गोंधळू नका. २०२३ मध्ये जगभरच्या संघटनांनी मिळून फॅटी लिव्हरच्या आजाराचं नाव बदललं, आजार तोच.

आता या तीन महिन्यांत घरी करायचं काय. मुलांसाठी कुठलंही औषध किंवा पूरक गोळी मार्गदर्शक सूचनांमध्ये नाही. २०११ च्या मोठ्या चाचणीत मेटफॉर्मिन आणि व्हिटॅमिन ई दोन्ही दोन वर्षं देऊन पाहिलं. एसजीपीटी टिकून खाली ठेवण्यात दोन्ही नापास झाली. मेटफॉर्मिन मधुमेहासाठी लागलं तर देतात, लिव्हरसाठी नाही. लिव्हर टॉनिकच्या बाटलीत तर बऱ्याचदा साखरेचा पाक असतो, म्हणजे आगीत तेल.

उपाय साखरेपासून सुरू होतो, तुपापासून नाही. भातावरच्या चमचाभर तुपावर घर तुटून पडतं आणि पेयातली साखर कुणाच्या लक्षात येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वयाच्या ४० मुलग्यांपैकी निम्म्यांच्या घरातली वरून घातलेली साखर आठ आठवडे जवळजवळ बंद केली. लिव्हरमधली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीचं खाणाऱ्यांची २१ वरून २०.

म्हणून एक दिवस नुसतं मोजा. सकाळच्या दुधात दोन चमचे साखर, संध्याकाळच्या दुधात दोन, सपाट चमचा पाच ग्रॅमचा धरला तर झाले २०. डब्यात चार क्रीमची बिस्किटं, १५ च्या आसपास. २०० मिलिलिटरचा ज्यूसचा खोका, साधारण २४. एकही मिठाई न खाता ६० ग्रॅम, आणि दुधातल्या चॉकलेट पावडरीतली साखर वेगळीच. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहायचं आहे. गूळ, मध, उसाचा रस, साखरांबा, घरी केलेलं कोकम सरबत, सगळं त्याच हिशेबात. गूळ सेंद्रिय आहे म्हणून लिव्हर सूट देत नाही. आख्खं संत्रं चालतं, त्याचा रस नको. पहिल्या आठवड्यात फक्त पेयं बंद करा: पाणी, पातळ ताक, साखर न घातलेलं दूध. दुसऱ्या आठवड्यात डबा. सगळं एका दिवशी बदललं की चौथ्या दिवशी आजीकडून गुपचूप काहीतरी मिळतंच. म्हणून नियम घरातल्या सगळ्यांना सारखा, आणि बाटली घरात आणायचीच नाही.

दिवसाला तासभर घाम येईल असं खेळणं. त्याने वजन काट्यावर हललं नाही तरी लिव्हरची चरबी कमी होते, हे पालकांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर महिन्याने खेळाचा क्लास सुटतो. रात्री घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, हे ऐका. असेल तर ते स्वतंत्रपणे दाखवा.

वजन घटवायचं का? दहाव्या वर्षी उपासमार नको. १३८ ची उंची वर्षाने १४४ झाली आणि वजन ४६ वर थांबलं, तर बीएमआय २४.२ वरून २२.२ येतो. काटा जिथे आहे तिथेच धरून ठेवणं पुरतं. ही सोय फार दिवसांची नाही. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते, मग खरंच वजन उतरवावं लागतं आणि ते कितीतरी कठीण. फॅमिली डॉक्टरांचं 'उंची वाढली की उतरेल' हे म्हणणं एवढ्या मर्यादेत खरं आहे: काटा थांबवला तर. वजन दर वर्षी चार-पाच किलो वाढत राहिलं तर उंची काही वाचवत नाही.

हिपॅटायटिस ए आणि बी च्या लशी झाल्यात का, कार्ड पाहा. रक्तदाब मोजताना दंडाच्या मापाचा पट्टा वापरा. भरलेल्या दंडाला लहान पट्टा लावला की दाब खोटा जास्त दिसतो.

धाकट्याचं. सहा वर्षांचा आहे, तेव्हा आत्ता उंची, वजन, कंबर आणि मान. बीएमआय फार वर असेल, किंवा बहिणीचं फॅटी लिव्हर नक्की झालं, तर नववं वर्ष लागायची वाट न पाहता त्याचीही एसजीपीटी करा. आई-वडिलांपैकी ज्याचं पोट सुटलंय त्याचीही. मुलग्याचं एसजीपीटी दोनशे-तीनशे असं विचित्र वर आलं आणि जीजीटी, बिलिरुबिन अगदी नॉर्मल असेल, तर लिव्हरच्या मागे लागण्याआधी त्याला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि उठायला सांगा. हात गुडघ्यांवर टेकत, मांड्यांवर चढवत उठला, पोटऱ्या टणक, फुगलेल्या वाटल्या, तर सीपीके (स्नायूंमधल्या एन्झाइमची रक्ततपासणी) करायला हवं. ते हजारांत आलं तर एन्झाइम स्नायूंमधून येतंय, आणि त्याला लिव्हरतज्ज्ञाकडे नाही, बालमेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यायचं.